चौथा भाग आधी

चंपतराव हटवार नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात बाइंडर होते. उंच, आणि इतके हडकुळे की सदरा अंगात घातलाय की खुंटीला टांगलाय, हे पाहणाऱ्याला पटकन कळू नये. हा विनोद त्यांचा स्वतःचाच. लोक करणारच आहेत, तर आपणच आधी करून टाकलेला बरा, निदान नीट तरी होतो, असं त्यांचं धोरण होतं.

बाइंडरचं काम म्हणजे क्रमाचं काम. छापून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे, ते लांब बाकावर ओळीने मांडायचे, बाकाभोवती फिरत एकेक उचलून एकावर एक बसवायचा, मग शिलाई, मग खळ, मग पुठ्ठा. एखादा फर्मा इकडचा तिकडे झाला की कादंबरीतला नायक आधी मरतो आणि मग थाटात लग्न करतो. चंपतरावांच्या हातून अशी चूक एकदाच झाली होती, पण झाली ती सणसणीत झाली. शाळेच्या गणिताच्या पुस्तकात त्यांनी उत्तरांचा फर्मा पहिल्या धड्याच्या आधी शिवून टाकला. त्या वर्षी पोरांनी त्यांना मनापासून दुवा दिला असेल. मालकाने मात्र साऱ्या छापखान्यादेखत जे काही दिलं ते दुवा नव्हतं. तेव्हापासून छापखान्यात त्यांचं नाव 'उत्तरवाले' पडलं आणि तेव्हापासूनच क्रम हा चंपतरावांचा धर्म झाला. ताटात आधी काय खायचं, यात्रेला गेलं तर आधी कोणत्या देवाला हात जोडायचे, पेपरचं कोणतं पान आधी उघडायचं, सगळ्याला त्यांच्याकडे नियम होता. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ते ताक फुंकून पीत होते आणि शेजाऱ्यांचंही फुंकून देत होते.

या धर्माची सगळ्यात जास्त झळ बसली ती त्यांच्या बायकोला, रुखमाबाईला.

लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी दोघं नागपुरात एक पिच्चर पाहायला गेली होती. 'दुर्जया' नावाचा. दुर्जया म्हणजे तलवार चालवणारी राजकन्या. तिच्यावर संकट आलं की डोंगरावरून एक घोडेस्वार यायचा, तोंडाला काळं फडकं बांधलेला. चार-सहा जणांना लोळवायचा आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. तो कोण, हे पिच्चर संपला तरी सांगितलं नाही. सक्करदऱ्याला घरी चालत येताना रुखमाबाईने नवऱ्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला.

"अहो, तो काया घोडेवाला कोन असन?"

नवं लग्न. नवऱ्याला सगळं माहीत असतं असं समजण्याचे दिवस. चंपतरावांनीही गंभीर चेहरा करून, "दुसऱ्या भागात कळन," असं सांगितलं. घोडेस्वाराबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही, हे त्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचंच कबूल केलं.

दुसरा भाग आला तेव्हा रुखमाबाई बाळंतपणाला माहेरी, कुहीला गेली होती. चंपतरावांनी आठवडाभर दम धरला. आठव्या दिवशी ते एकटेच जाऊन पाहून आले. दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी घोडेस्वार तोंडावरचं फडकं काढतो, आणि सगळं थेटर ओरडतं. चंपतरावही ओरडले. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा ते कुहीला गेले, पाळण्यात डोकावले, आणि बायकोजवळ बसून पहिलं वाक्य बोलले, "तो घोडेवाला कोन होय मालूम आहे का?"

रुखमाबाईने ओल्या बाळंतिणीचा हात उचलून नवऱ्याच्या तोंडावर ठेवला. "सांगू नोका. मले सांगू नोका. मी माह्या डोयानं पाहीन."

"नेतो मी तुले. शब्द देतो."

शब्द दिला खरा. पण ती बाळाला घेऊन नागपूरला परतेपर्यंत पिच्चर उतरला होता. पुढे तिसरा भाग आला. रुखमाबाई लुगडं नेसून तयार झाली तर चंपतराव म्हणाले, "दुसरा पाह्यल्याबिगर तिसरा पाहाचा नाही. क्रम असते वं." आणि स्वतः जाऊन पाहून आले, कारण त्यांचा क्रम बरोबर होता. चौथा आला, पाचवा आला, तेव्हाही तेच झालं. मधे एकदा दुसरा भाग पुन्हा लागला, तर नेमकी रुखमाबाईची आई वारली. अशा रीतीने सगळ्या नागपुराला ठाऊक असलेली गोष्ट फक्त रुखमाबाईला ठाऊक नव्हती.

आणि ती तिला कळू नये म्हणून चंपतरावांनी जे केलं ते कोणी सोन्याचीही राखण करताना केलं नसेल. दुसरा भाग परत लागला तेव्हा चौकातल्या पोस्टरवर घोडेस्वाराचं उघडं तोंड छापलं होतं. तो उतरेपर्यंत ते बायकोला बाजारातून तलावाच्या कडेने, चिखलातून घरी आणत होते. मुलगा रविंद्र लहानपणी शाळेत काहीतरी ऐकून आला आणि जेवताना, "आई, तो घोडेवाला ना," एवढंच म्हणाला, तर बापाने त्याला आयुष्यातली एकुलती एक थापड मारली. शेजारच्या शोभाताईंना त्यांनी हात जोडून सांगून ठेवलं होतं. बायकोला पिच्चर दाखवणं जमलं नाही, पण न दाखवण्याची व्यवस्था त्यांनी चोख ठेवली होती, असं ते स्वतःच म्हणायचे आणि ओशाळून हसायचे.

एवढं करून त्यांच्या मनात एक लोभ होताच. त्या थेटरात सगळे ओरडले होते तसं एक दिवस रुखमा ओरडेल, आणि तेव्हा आपण तिच्या शेजारी असू. हे ते कोणाला सांगत नसत.

वर्षं गेली. सक्करदऱ्याला घरोघर टीव्ही आले, आणि चौकात व्हिडिओ भाड्याने देणारं दुकान निघालं. रविंद्र कारखान्यात नोकरीला लागला. पहिल्या पगाराच्या दिवशी त्याने आईला विचारलं, काय आणू? लुगडं म्हणेल, कुकर म्हणेल असं त्याला वाटलं होतं.

"मले तो काया घोडेवाला दाखव," रुखमाबाई म्हणाली.

रविवारचं ठरलं. व्हिडिओवाल्याकडे पाचही कॅसेटी निघाल्या. दिवसभरासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर सांगून झालं. रुखमाबाईने कुहीहून धानाची शेती करणाऱ्या धाकट्या भावाला, धोंडबाला बोलावून घेतलं. आणि मग चंपतरावांनी, कोणी न विचारता, क्रमाचा प्रश्न हाती घेतला.

शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. धोंडबाचं म्हणणं सरळ होतं. "भाऊजी, जसे निंघाले तसे पाहा ना. पयला, दुसरा, तिसरा. उगाच डोकं काहून लावता?"

"तू धानाचा मानूस आहेस गा," चंपतराव म्हणाले. "हे पुस्तकाचं काम आहे." आणि ते उठून उभे राहिले. उभे राहिले म्हणजे भाषण होणार हे घरच्यांना ठाऊक होतं. "चौथा भाग कोनता? 'दुर्जया का बचपन'. काढला चौथ्यांदा, पन गोष्ट कवाची? साऱ्यात आधीची. आमच्या छापखान्यात प्रस्तावना साऱ्यात शेवटी छापतात. मंग काय मी ते पुस्तकाच्या शेवटी शिवतो? आधी बसते ते! तसंच हे. आधी 'बचपन', मंग बाकीचे. तुही बहीन येवढी वर्सं थांबली, तिले नीट जुळवलेलं पुस्तक नोको का द्याले?"

"प्रस्तावना आधी वाचते कोन?" रुखमाबाईने लसूण सोलता सोलता विचारलं.

चंपतरावांनी या प्रश्नाकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी स्वतःही जन्मात एकही प्रस्तावना वाचली नव्हती.

धोंडबा मात्र अस्वस्थ झाला. कुहीच्या टुरिंग टॉकीजमध्ये त्याने चौथा भाग पाहिला होता. बहिणीसमोर बोलायची सोय नव्हती, तिच्या त्या 'सांगू नोका'ने साऱ्या खानदानाचं तोंड बांधलेलं. तो भाऊजींकडे पाहून भुवया उडवू लागला. मग त्याने खांद्यावरचा दुपट्टा घेतला, नाकातोंडावरून ओढला आणि डोळे मोठे करून मान हलवली.

"दाढ दुखून राहिली का गा?" चंपतरावांनी विचारलं. "लवंग दे वं याले."

धोंडबाने हात टेकले. लवंग चघळत तो झोपायला गेला.

रविवारी सकाळी खिडक्यांना गोधड्या बांधून खोलीत अंधार केला. गल्लीतली पोट्टी पुढे, बाया मधे, पुरुष दाराशी. शोभाताई सुया आणि लोकर घेऊन आल्या होत्या. अंधारात विणणार कशा, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. रुखमाबाई नवं लुगडं नेसून अगदी मधोमध बसली, मांडीवर हात ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी मूल बसतं तशी. चंपतराव टीव्हीशेजारी लाकडी फूटपट्टी घेऊन उभे राहिले. त्यांनी पुन्हा एकदा प्रस्तावनेचं सांगितलं. दाराशी धोंडबाने शेवटचा उपाय म्हणून पुन्हा दुपट्टा तोंडावर ओढला.

"अजून दुखते? उद्या डॉक्टरकडे नेतो तुले," असं म्हणून चंपतरावांनी रविंद्रला 'बचपन' लावायला सांगितलं.

पिच्चर सुरू झाला. राजवाडा, पाळण्यातली दुर्जया, भोळा राजा, कपटी दिवाण. चंपतराव पट्टीने दाखवत होते. "हा दिवान पाहून ठेवा. पुढं याचंच काम आहे." दिवाणाने राणीला विष दिलं. राजाला बुरुजावरून ढकललं. जग समजलं की राजा मेला. पण राजा मेला नव्हता. जखमी राजा वेष पालटून महालात आला, राणीच्या प्रेताजवळ बसला, आणि तिच्या काळ्या लुगड्याचा पदर त्याने हातात घेतला.

चंपतरावांची पट्टी हवेतच थांबली.

हा भाग त्यांनी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा घोडेस्वार कोण हे त्यांना आधीच ठाऊक होतं. ठाऊक असणाऱ्या माणसाला या प्रसंगात सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्यात काही सांगितलंय हेच कधी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आता पदर फाटल्याचा आवाज आला, राजाने ती काळी चिंधी तोंडाला बांधायला घेतली, आणि छापखान्यातला तो दिवस चंपतरावांच्या डोळ्यांसमोर आला. गणिताचं पुस्तक. उत्तरांचा फर्मा. या खेपेला तर तो त्यांनी स्वतःच्या बायकोच्या पुस्तकात शिवला होता, आणि तोही भाषण करून.

त्यांनी टीव्हीसमोर उडी मारली आणि दोन्ही हात पसरले.

"ओ काका, सरका ना!" पोट्टी ओरडली. "दिसून नाही राह्यलं!"

"बंद कर! रविंद्र, बंद कर!"

"काहून बाबा?"

"कॅसेट खराब आहे."

"चांगली चालून राह्यली ना बाबा."

"खराब आहे म्हनतो ना! आतून खराब आहे!" चंपतरावांनी मागे हात घालून सापडेल ते बटन दाबलं. आधी आवाज मोठा झाला, मग चित्र हिरवं झालं, मग एकदाचा पडदा काळा झाला. सगळे चंपतरावांकडे पाहत होते. ते अजून हात पसरूनच उभे होते, शेतात बुजगावणं असतं तसे. त्यांनी हळूच रुखमाबाईकडे पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून तशीच बसली होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

नाही पाहिलं, चंपतरावांनी मनाशी म्हटलं. वेळेवर उडी मारली. नाही दिसलं तिला.

आता पुढचं अवघड होतं. त्यांनी हात खाली घेतले, घसा साफ केला आणि सगळ्या गल्लीदेखत म्हणाले, "धोंडबाचं बरोबर होतं. जसे निघाले तसेच पाहू. पयला लाव."

"आन ते प्रस्तावना?" शोभाताईंनी सुया न थांबवता विचारलं.

"प्रस्तावना कोनी वाचत नाही," चंपतराव म्हणाले.

खोलीभर हशा पिकला. 'उत्तरवाले' नंतर आपल्याला आता गल्लीत 'प्रस्तावनावाले' नाव पडणार, हे त्यांना तिथेच कळलं. हसण्यात तेही सामील झाले. फूटपट्टी त्यांनी कपाटामागे टाकली आणि येऊन रुखमाबाईच्या शेजारी खाली बसले. धोंडबा दाराशी उभा राहून लवंगेशिवायच समाधानाने तोंड हलवत होता.

पहिला भाग झाला. दुसरा लागला. दुपार झाली, कोणी उठलं नाही. शेवट जवळ येत गेला तसं चंपतरावांनी पडद्याकडे पाहणं सोडून दिलं. ते बायकोकडे पाहत होते. टीव्हीचा उजेड तिच्या तोंडावर निळा-पिवळा हलत होता. केस कानाजवळ पिकले होते. ते कधी पिकले, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. पडद्यावर दुर्जया जखमी होऊन पडली, घोडेस्वार तिच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि त्याने हात तोंडाकडे नेला.

"अगं माय वं!" रुखमाबाई ओरडली. दोन्ही हात तिने तोंडावर नेले. "हा त बाप होय! तिचा बाप होय हा! जिता आहे!"

तिच्या ओरडण्याने पोट्टीही ओरडली, शोभाताईंचा लोकरीचा गुंडा गडगडत दारापर्यंत गेला. रुखमाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. चंपतरावांना इतका आनंद झाला की त्यांना तो लपवता येईना. त्यांनी रविंद्रच्या पाठीवर उगाच धपाटा घातला आणि "पाह्यलं? पाह्यलं?" असं सगळ्यांना विचारत सुटले. आयुष्यात एक फर्मा तरी शेवटच्या क्षणी काढून जागेवर बसवता आला, असं त्यांना वाटलं.

मग जेवणासाठी मंडळी आपापल्या घरी गेली. रुखमाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापू लागली. चंपतराव पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. खरं म्हणजे त्यांना अजून थोडं ऐकायचं होतं.

"कसा होता मंग?"

"लय चांगला." तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "बापाची माया पाहा ना. कितीक वर्सं गेली, पन बायकोच्या लुगड्याची ते चिंधी त्यानं बदलवली नाही. तेच बांधून फिरला."

"हो ना," चंपतराव म्हणाले. मग त्यांच्या हातातला गडवा तोंडापाशीच थांबला. पहिल्या भागात चिंधी नुसती काळी होती. दुसऱ्यातही नुसतीच काळी. ती लुगड्याची आहे, हे फक्त 'बचपन'मध्ये होतं.

"तुले कसं कळलं ते लुगड्याची आहे म्हनून?"

रुखमाबाईने भाकरी उलटली.

"तुमी हात पसरून उभे होते, ते खरं. पन तुमच्याआड काय लपते? तुमच्याआड उदबत्तीबी लपत नाही."

चंपतराव खाली बसले. बसायला पाट होता, पण त्यांना तो सापडला नाही, ते जमिनीवरच बसले. एवढी वर्षं जपलं, तिला चिखलातून चालवलं, पोराला थापड मारली, आणि शेवटी स्वतः पट्टी घेऊन दाखवलं. हसावं की रडावं त्यांना कळेना. आपल्या हडकुळेपणावरचा विनोद पहिल्यांदाच दुसऱ्या कोणीतरी केला होता आणि तो त्यांच्यापेक्षा नीट झाला होता.

"मंग ओरडली काहून तू?"

"तुमचं तोंड पाहून." ती त्यांच्याकडे न पाहता बोलत होती. "मी येवढी वर्सं ज्यासाठी थांबली ते त सकाळीच झालं. मंग मनात आलं, हे बी थांबलेच आहेत ना, मी कवा ओरडतो ते पाहाले. माह्यं बुडालं, तुमचं बी काहून बुडवाचं?"

चंपतरावांचे डोळे भरून आले. चुलीचा धूर होता म्हणून ते चाललं. त्यांना माफी मागायची होती, पण आयुष्यभर जो माणूस क्रमाविषयी इतकं बोलला त्याला आता पहिला शब्द कोणता घ्यावा हेच सुचेना. त्यांनी नुसता हात पुढे करून तव्यावरची भाकरी उतरवली. बोटं भाजली.

बाहेरून धोंडबाची हाक आली. "भाऊजी, आता कोनता लावू? तिसरा का चौथा?"

"तुह्या बहिनीले विचार," चंपतराव म्हणाले.

रुखमाबाईने पदराला हात पुसले. "चौथा लाव रे! ते चिंधीवालं मले बराबर पाहाचं आहे." मग ती नवऱ्याकडे वळली. "आन तुमी माह्याजवळ बसा. उभे राहू नोका."

ते बसले.